माझ्या लॅबमधला मौन तास

७ एप्रिल, सोमवार. अकोला

आजपासून रोजनिशी. माझ्यासारख्या अबोल माणसानं मन मोकळं करायचं तरी कुठं?

सकाळीच धक्का. आमच्या माती परीक्षण लॅबमधल्या तहरीमनं राजीनामा दिला. महिनाभराची नोटीस. कारण काय, तर 'कामाचे वातावरण'. एकोणीस वर्षं मी इथं मॅनेजर. याआधी सहा जण सोडून गेले, पण वातावरणाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. ते कारण न देताच गेले.

त्यात सीझन. शेतकरी मातीच्या पिशव्या घेऊन दारात, आणि तपासणी एकट्या तहरीमलाच जमते. मालक नत्थुजींचा अमरावतीहून फोन आला, "पोरगी गेली तं लॅब बंद समज. काहून चालली ते पाय."

पाहतो.

८ एप्रिल, मंगळवार

तहरीमला केबिनमध्ये बोलावलं. तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. पावणेदोन तास. तिनं दोनदा तोंड उघडलं, पण तोवर माझा मुद्दा संपला नव्हता. निष्कर्ष: मुलगी फारच अबोल.

१२ एप्रिल, शनिवार

अमरावतीला वर्कशॉप. विषय: इंट्रोव्हर्ट माणसांना सोयीचं ऑफिस. डोळे उघडले. प्रश्नावली भरली तर चाळीसपैकी अडतीस मार्क! म्हणजे मी स्वतःच इंट्रोव्हर्ट! बावन्न वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. शिकवणाऱ्या मॅडमना हे मी वर्कशॉप संपल्यावर सविस्तर सांगितलं. त्यांची रिक्षा दारात उभी होती, नाहीतर अजून चर्चा झाली असती.

परतीच्या बसमध्ये शेजारच्या माणसाला समजावून सांगितलं, की अनोळखी लोकांशी बोलणं मला किती जड जातं. तो मूर्तिजापूरला उतरून गेला. तिकीट त्याचं अकोल्याचं होतं. विसरभोळी असतात माणसं.

घरी शकुनला सांगितलं. बायको इतकी हसली, की गॅस बंद करून खाली बसली. असो. ती एक्स्ट्रोव्हर्ट आहे.

१५ एप्रिल, मंगळवार

योजना लागू. एक, अकरा ते बारा मौन तास. दोन, प्रत्येकाच्या टेबलावर लाल-हिरवं कार्ड. लाल असेल तर त्या माणसाशी बोलायचं नाही. तीन, मागच्या बाजूला प्लायवूडचा 'शांत कोपरा'.

बरोबर अकराला स्टाफला मौन तासाचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. संपलं तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. स्टाफनं मात्र कमाल केली. कुणी चकार शब्द काढला नाही.

१६ एप्रिल, बुधवार

तहरीमचं कार्ड सकाळपासून लाल. काळजी वाटली. दर अर्ध्या तासानं जाऊन विचारत होतो, काही टेन्शन आहे का म्हणून.

ती काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडत होती. म्हणाली, सर, कोणत्या थेंबाला रंग बदलतो ते पाहावं लागते, नजर हलली की नमुना वाया, परत पहिल्यापासून. आज सात वेळा पहिल्यापासून करावं लागलं म्हणे.

एकाग्रता कमी पडते मुलीची. मग एकाग्रता या विषयावर तिला चार गोष्टी सांगितल्या.

आठ वेळा झालं.

१९ एप्रिल, शनिवार

शांत कोपरा तयार. अप्रतिम. फोनवर बोलायला इतकी चांगली जागा अख्ख्या अकोल्यात नसेल. सध्या मीच बसतो. बाहेर परवेज कॉम्प्युटरवर रिपोर्ट टाइप करतो, त्याच्या की-बोर्डचा फार आवाज.

आशाबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, हे जागा शांत लोकाइची हाये ना? मंग तुमी काहून बसले?"

अडाणी प्रश्न. तरी पूर्ण उत्तर दिलं. तोवर तिकडं गॅसवरचं दूध उतू गेलं.

२७ एप्रिल, रविवार

नुसतं ऑफिस सुधारून भागत नाही. इंट्रोव्हर्ट माणसाला चार लोकांत मिसळायचं तर कार्यक्रमही त्याला झेपेल असाच हवा. म्हणून साडूच्या शेतात 'अबोल स्नेहमेळावा' ठेवला. रोडगे आणि वांग्याची भाजी. गर्दी नको म्हणून फक्त स्टाफ, घरचे आणि साडूच्या गावचे. एकूण चव्वेचाळीस. लाउडस्पीकर छोटाच आणला.

प्रत्येकानं पुढं येऊन आपल्या अबोलपणावर पाच मिनिटं बोलायचं होतं. कुणीच उठेना. शेवटी सगळ्यांची पाच-पाच मिनिटं मीच घेतली. रोडगे गार झाले. एकतिसाव्या माणसाच्या वाट्याचं बोलताना माझा आवाज एकदम बसला.

टाळ्या मात्र प्रचंड. काही लोक उभे राहिले. सरळ पंगतीत गेले.

२८ एप्रिल, सोमवार

घशाला सूज. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस एक शब्दही नाही, कुजबुजसुद्धा नाही. शकुननं त्यांना विचारलं, पंधरा दिवस केले तर चालतील का. फार जपते.

३० एप्रिल, बुधवार

पाटी-पेन्सिल घेऊन ऑफिसात बसतो. पण मुद्दा लिहून होईस्तोवर समोरचा निघून गेलेला असतो.

आज एक विचित्र गोष्ट घडली. तहरीम बोलली. चहाच्या वेळी परवेजला आणि आशाबाईंना ती तिच्या मामूच्या लग्नाचा किस्सा सांगत होती. वऱ्हाडाची जीप निघाली परतवाड्याला, आणि नवरदेवाला घेऊन पोचली चांदूर रेल्वेला. नक्कल करून सांगत होती. परवेजचे दात मी सहा वर्षांत पहिल्यांदा पाहिले. आशाबाई डोळे पुसत होत्या. मीही हसलो, पण आवाज फुटला नाही.

परतवाड्याचा याहून भारी किस्सा माझ्याकडे आहे. सांगता येईना.

आज एकतीस नमुने झाले. एरवी बारा होतात. पुन्हा करावा लागला, असा एकही नाही. मौन तासाचा परिणाम थोडा उशिरा दिसतो, पण दिसतो.

३ मे, शनिवार

नत्थुजी स्वतः आले. तहरीमला माझ्यासमोरच विचारलं, बेटा काहून चालली?

मी पाटी वर केली. पण ती बोलायला लागली होती.

म्हणाली, "नत्थुजी, मी काही अबोल नाही. घरी अम्मी म्हणते, तोंडाले कुलूप लाव. पण काम करताना मले कोणी बोललेलं चालत नाही. आन काम झालं का मले बोलाचं असते. इथं दोन्ही टाइम सरच बोलतात." मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "राग नका मानू सर. तुमचा गळा बसला तं मले वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण काम लय झालं."

मी उत्तर लिहून दिलं. नत्थुजींनी वाचलं आणि पाटी उलटी ठेवली. मागच्या बाजूलाही लिहिलेलं होतं. त्यांनी ती टेबलाच्या खणात टाकली.

तहरीमनं राजीनामा मागं घेतला. माझी योजना यशस्वी!

५ मे, सोमवार

ऑर्डर आली. दर्यापूरला कंपनी मातीचे नमुने घ्यायचं नवं केंद्र उघडते आहे. इन्चार्ज मी. स्टाफ: मी. नत्थुजी फोनवर म्हणाले, तुले शांतता पायजे होती ना.

स्वतंत्र कारभार. प्रमोशनच म्हणायचं. निरोपाला आशाबाईंनी पेढे वाटले. पेढ्याचा बॉक्स चांगला मोठा होता.

१२ मे, सोमवार. दर्यापूर

आवाज पूर्ण परत आला.

एक खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, पंखा. सकाळी दहापासून कुणी नाही. शकुनला तीन फोन केले, तिसरा उचलला नाही. अकोल्याला केला. परवेज म्हणाला, सगळं ठीक आहे सर, आणि ठेवला. मागं कुणीतरी हसत होतं. कशावर, ते विचारायचं राहिलं.

तीन वाजता एक म्हातारा शेतकरी आला. पुंजारामजी. पिशवीत अर्धा किलो माती. मी उठून खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मला माणसांत मिसळणं मुळातच कसं जमत नाही ते सांगायला घेतलं. चार वाजता ते उठले.

"साहेब, माह्या गावाची शेवटची बस हाये. माती ठेवून जातो. रायलेलं तिले सांगा."

नमुन्याची नोंद केली. काळी, भुसभुशीत, अर्धा किलो. पिशवी समोरच्या खुर्चीवर ठेवली.

दहा मिनिटंच सांगितलं.