सत्तावीस क्रमांकाची कुंडी

प्रिय बाई,

तुझ्या विद्यार्थ्यांची ही हाक मी आज प्रथमच वापरीत आहे. घरात मी तुला नावाने बोलावीत असे. ते नाव कागदावर उतरविताना हात थांबतो. तुला जाऊन पंच्याऐंशी दिवस झाले. उद्यानविद्या विभागातील तुझी खोली आणि हरितगृह आज सायंकाळपर्यंत सोपवावे, असे महाविद्यालयाने कळविले होते. छाटणीची कात्री, जुना चष्मा, वाफ्यात बसताना गुडघ्यांखाली घ्यायची उशी, सारे खोक्यात भरले. काही वाटले नाही. दोरी मात्र नीट बांधली गेली.

या काळात मी तुझ्या रोपांना रोज सकाळी आठ वाजता पाणी घातले. प्रत्येक कुंडीस दोन पेले, एकही खाडा नाही. मला नेमके कळत होते असे तेवढे एकच काम उरले होते. सत्तावीस क्रमांकाच्या कुंडीतील पाने पिवळी पडली, तेव्हा मी तीन पेले देऊ लागलो. तीच ती लिली, दोन जातींचा संकर करून तू बियांपासून अकरा वर्षे वाढविलेली, अद्याप एकदाही न फुललेली. पाने गळाली, तेव्हा चौथा पेला. अखेर माळीकाकांनी कंद उकरून बोटाने दाबला. तो भिजलेल्या पावासारखा फुटला. "साहेब, पानं टाकून झोपली होती हो ती. झोपेतच बुडवलीत की तिला!" असे म्हणाले, आणि लगेच माझ्यासाठी खुर्ची आणायला धावले. कोणास सांगू नये, अशी मी त्यांना विनंती केली. कुंडीत माती भरली, आणि दुसऱ्या दिवशी आठ वाजता पुन्हा पाणी घातले.

तुझ्या जागी तुझीच एक जुनी विद्यार्थिनी आली आहे. तिने आज त्या कुंडीसाठी पितळी पाटी आणली. फूल आले की त्या जातीस तुझे नाव द्यायचे ठरले आहे. "अत्यंत उचित," असे मी म्हणालो. मग ती मला नव्या वर्गाच्या पहिल्या तासाला घेऊन गेली. तेथे प्रत्येकाने उभे राहून आपल्या हातून कोणते झाड मेले व कसे, ते सांगायचे असते. तुझाच पायंडा म्हणे. एकतीस वर्षांच्या संसारात तू मला हे कधी बोलली नाहीस. एकीने कोरफड सांगितली, तर मागून कोणी ओरडले, "कोरफड मारायला अक्कल लागते गं!" सगळे हसले. तिच्यानंतर मी उभा राहिलो. कुंडीचा क्रमांक सांगितला, वेळ सांगितली, पेले सांगितले. कोणी हसले नाही. एकाने विचारले, "सर, पेला केवढा?" मी हाताने माप दाखविले. सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतले. तुझ्या त्या विद्यार्थिनीने पाटी पिशवीत परत ठेवली.

वर्गास हे तुझ्याआधी कळले, ते योग्य झाले नाही; म्हणून हे पत्र. तुझी लिली माझ्या हातून गेली. तास संपल्यावर मी हरितगृहाच्या दारास कुलूप लावले, आणि दोन्ही किल्ल्या कार्यालयात परत केल्या.

तुझाच