वाऱ्यानं फिरणारा अँटेना

बाबा,

आज सकाळी सुदामा नगरच्या घराच्या गच्चीवरचा तुमचा लोखंडी पाइप मी कापून काढला. तशी गरज नव्हती. नवा अँटेना त्याच्यावरच बसला असता, लावायला आलेला माणूसही तेच सांगत होता. मी म्हटलं, भिया, काट ही दो. पाइप खाली आपटला तेव्हा मला बरं वाटलं, आणि ते तुम्हाला कळावं असंही वाटलं.

आईला डिशची छतरी नको होती. रिचार्ज संपला की कुणाला तरी सांगावं लागतं, म्हणाली, आता मला कुणाला सांगायचं नाही. तिच्या टीव्हीत डिजिटल ट्यूनर आहे, सरकारी चॅनल साध्या अँटेनावर फुकट दिसतात, आणि तिला बघायचं असतं ते फक्त क्रिकेट. तुकोगंजच्या दुकानदाराला हे पटेना. अब अँटेना कौन लगाता है मैडम, म्हणून तो हसला. आधी घरात ठेवायचा चपटा अँटेना आणला. खिडकीत, कपाटावर, फ्रिजवर, कुठेही ठेवला तरी चालेना, कारण शेजाऱ्यांनी तिसरा मजला चढवलाय. मग गच्चीवरचा, आडव्या काड्यांचा आणला, वायरही नवी टाकली. टॉवरकडे तोंड करून तो बोटभर फिरवायचा, खाली टीव्हीवर सिग्नलचा आकडा बघायचा, परत बोटभर फिरवायचा. या डिजिटलमध्ये पूर्वीसारख्या मुंग्या नसतात. चित्र येतं ते स्वच्छ, नाहीतर येतच नाही. तुमची ती अर्धवट शिक्षा यात जमली नसती.

दर आठवड्याला तीन दिवस तुमचा मानपुरला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मुक्काम असायचा. निघण्याआधी, आई मंदिरात गेली की तुम्ही गच्चीवर जाऊन अँटेना थोडासा फिरवून ठेवायचात. आपण नसताना बायकोनं टीव्हीसमोर बसू नये, हे तिला तोंडावर कधी म्हणाला नाहीत, कारण तिनं का म्हणून विचारलं असतं. मला मात्र बजावलंत, "आईला सांगायचं नाही. हवेनं फिरतो तो." आणि आई त्या मुंग्यांमध्ये डोळे रुतवून मॅच बघते आहे, हाताची कणीक वाळते आहे, पळण्याच्या ढबीवरून बॅटिंगला कोण आहे ते ओळखते आहे, चुकली की स्वतःशीच हसते आहे. मी तिच्या शेजारी बसून गृहपाठ करते आहे आणि गप्प आहे.

तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी ती तुमच्याबद्दल हळवं होऊनच बोलते. मी ठरवून टाकलं होतं, चित्र आलं की त्याच दिवशी तिला सांगायचं. दुपारी चित्र आलं. हिरवंगार मैदान, चेंडूची शिवणसुद्धा दिसत होती. आई सोफ्याच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "आज ते हवे होते ग. मानपुरहून आले की चप्पलसुद्धा काढत नव्हते, आधी छतवर जायचे. माझी मॅच सुटू नये म्हणून. मी इथून आलं, आलं, करत राहायची."

म्हणजे बिघडवलंत तुम्ही, आणि दुरुस्त करून प्रेमळही तुम्हीच ठरलात. मग मी सांगितलं. सावकाश, काही न गाळता, म्हणजे असं मी तिला भासवलं. तिनं चालू ओव्हर शेवटच्या चेंडूपर्यंत बघितली. मग म्हणाली, "मी त्यांना दर वेळी म्हणायची, तार बांधा हो त्याला. बांधतो, म्हणायचे." आणि तिनं टीव्हीचा आवाज वाढवला. तुमच्या फोटोसाठी आणलेला हार संध्याकाळी पुडीतच राहिला. मी तिला आठवण करून दिली नाही.

पण बाबा, तुम्ही वर अँटेना फिरवायचात तेव्हा चित्र पुरेसं बिघडलं का, हे सांगायला खाली कुणीतरी लागायचंच. खिडकीशी उभी राहून "गेलं, बाबा, गेलं" असं ओरडणारी मी होते. तुम्ही वरून शाबास म्हणायचात आणि तुमच्या तोंडचा तो शब्द मला दुसऱ्या कशासाठी मिळत नव्हता. पुढच्या आठवड्याची मी वाट बघायची. एवढं तिला सांगणं मला जमलं नाही. हे कागद मी पर्समध्ये घालून माझ्या घरी नेते आहे. आई हाताला लागलेला प्रत्येक कागद वाचते.