सहाशे मिलिमीटर आणि नऊ माणसं

२ फेब्रुवारी
लेन्स आली! सहाशे मिलिमीटर, लांबचं अगदी जवळ आणणारी. झूम नाही. दुकानदार म्हणाला, खरा फोटोग्राफर पायांनी झूम करतो. माणूस पारखून बोलतो. किंमत इथे लिहीत नाही. बायको डायरी चाळते.

३ फेब्रुवारी, सकाळी ७
चहा पिताना हिचं पोर्ट्रेट. साडेचार मीटरच्या आतलं फोकसच होत नाही. बाथरूमच्या दारापर्यंत मागे सरकलो. डावी नाकपुडी मिळाली. पण काय डिटेल! ही म्हणाली, ती तोफ आधी बाजूला घ्या. घरात कलेची कदर नाही.

९ फेब्रुवारी
पक्षी. दोन तास. एक कावळा, तोही उडून गेल्यावर. मान धरली. उद्यापासून रोज पहाटे व्यायाम.

१० फेब्रुवारी
मान धरल्यामुळे व्यायाम नाही.

१५ फेब्रुवारी
बाबांना रविवारी ऐंशी पूर्ण. धाकटा भाऊ सहा वर्षांनी परदेशातून येतोय, दोनच दिवस. बाबांची एकच इच्छा: घरातले नऊच्या नऊ जण एका फोटोत. ताईने फोटोग्राफर ठरवला होता. मी परस्पर त्याला नको म्हणून कळवलं. मी असताना बाहेरचा माणूस कशाला? ताई म्हणाली, मग तूच निस्तर.

१६ फेब्रुवारी
नऊ माणसं फ्रेममध्ये मावायला ऐंशी मीटर लांब जावं लागतं. म्हणजे ते आमच्या गच्चीवर आणि मी पलीकडच्या बिल्डिंगच्या टाकीवर. ही म्हणाली, आणि तुम्ही कसे येणार फोटोत? टायमर! दहा सेकंदांचा असतो. टाकीची शिडी, चार मजले खाली, रस्ता, आमचे चार मजले वर.

१७ फेब्रुवारी
सराव केला. सव्वासहा मिनिटं. रविवारपर्यंत सुधारणा होईल.

२० फेब्रुवारी, रविवार
५.१०. टाकीवर. गच्चीवरचे आठही जण फ्रेममध्ये बसले. केसन्‌केस दिसतोय. धाकटा किती पिकलाय! फोनवर बजावलं, कुणी हलायचं नाही.
५.१८. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर क्लिक ऐकू आला. पुन्हा.
५.४०. अकरावा प्रयत्न. पाचवी पायरी! प्रगती आहे. ताई फोनवर म्हणाली, बाबांच्या डोळ्यांवर ऊन येतंय, पाय दुखतायत, मुकाट्याने इकडे ये. म्हटलं, हा शेवटचा.

२१ फेब्रुवारी
धाकटा पहाटेच्या विमानाने गेला. मी झोपलो होतो. पायांत गोळे.
फोटो पाहिले. आधीच्या अकरांत उन्हामुळे सगळ्यांचे डोळे मिटलेले. शेवटच्यात सगळे माझ्याकडे पाठ करून शेजारच्या काकूंच्या मोबाइलकडे बघून हसतायत. आठ पाठी. पण शार्पनेस बघावा! बाबांच्या टकलावरचा तीळसुद्धा दिसतो.

२६ फेब्रुवारी
बाबांनी काकूंचा फोटो फ्रेम करून आणला. सगळे झकास आलेत. त्यांच्या मागे, लांब, शिडीवर मोहरीएवढा एक ठिपका. आई म्हणाली, अगं बाई, टाकीवर माकड चढलंय का? बाबांनी काचेवर बोट ठेवलं. म्हणाले, माकड कसलं, आपला थोरला आहे तो. झाले नऊ.
मला एकदम भरून आलं. मोबाइलच्या लेन्सला लांबचं टिपायची काडीची रीच नाही, हे सांगायचंही राहून गेलं.
सहा वर्षांत धाकट्याबरोबरचा माझा हा एकच फोटो. त्यात मी ऐंशी मीटरवर, आणि तेही पाठमोरा.