ब्राऊन पेपरवाली

भांडुप,
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

प्रिय जॅकी,

ल्युसीआंटींनी आज पेज घेतली का? काल फोनवर तू म्हणालीस, डोळे उघडतात पण ओळख दाखवत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलंय ना, झटक्यानंतरही ऐकू येत असतं, बोलत राहा. तू बोलत राहा. लेकीचा आवाज त्यांना साठ वर्षं ऐकायची सवय आहे.

इकडे सगळं ठीक. लेकाने, निलेशने, नवीन स्पीकर आणलेत, माझ्या आईने ते बघितल्या बघितल्या विचारलं, "आता ह्या आनी कोणाच्या वरातीक वाजवतलंस गो?" तीस वर्षं झाली, आईला अजून जाझ म्हणजे वरातच वाटते. दोन्ही शेल्फांवरच्या रेकॉर्डी पुसून झाल्या. तू दिलेली ती व्हायब्राफोनवाली काल परत लावली. दुसऱ्या बाजूला ड्रमर नुसता ब्रश फिरवतो तिथे मी हातातलं काम ठेवून बसले.

तू म्हणशील, सात स्टेशनांवर राहणारी ही बाई फोन सोडून पत्र काय लिहीत बसलीय. फोनवर मी विषय बदलते, जॅकी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वीस वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसलीस, तुला माहीत आहे.

आधी गंधालीचं बोलते, म्हणजे सुटेन.

मला ती पोरगी आवडत नाही. तुझ्या खालच्या खोलीत भाड्याने आली त्या दिवसापासून आवडत नाही. वाईट आहे म्हणून नाही, चांगली आहे म्हणून. आपला नियम काय होता? एक शनिवार मरोळला, एक भांडुपला. प्रत्येकीने एकच रेकॉर्ड आणायची, कव्हर टॉवेलात गुंडाळून. बाजू संपेपर्यंत तोंडातून शब्द नाही. मग तू सांगणार पियानो कोणाचा, मी सांगणार ड्रम्स कोणाचे, आणि मग टॉवेल काढायचा. आठवड्याला प्रत्येकीची एक रेकॉर्ड. आणि ही बया तुला आठवड्याला सात लिंका पाठवते. "आंटी, हे ऐका. आंटी, ते ऐका." आणि तू ऐकतेस. वर मला सांगतेस, "शकु, गंधाली म्हणते पियानो सोड, खालचा डबल बास धरून ऐक, सगळं उलगडतं." अगं, हे मी तुला लंचटाइममध्ये सांगितलं होतं, तुझ्या वॉकमनची एक वायर माझ्या कानात असताना. तेव्हा तू म्हणालीस, तुम्हा भजनवाल्यांना नुसता ठेकाच ऐकू येतो. माझं तेव्हा खोटं आणि तिचं आता खरं. नाकाला मिरच्या झोंबणार नाहीत तर काय होईल?

जळते मी. लिहून टाकलं एकदाचं.

आता ऑगस्टमधल्या त्या शनिवारचं.

ब्राऊन पेपरवाली रेकॉर्ड आपण किती वर्षं शोधत होतो? तुझ्या भावाने, वेनने, कॅनडाला जायच्या आधी तुझ्या पप्पांच्या सगळ्या रेकॉर्डी रद्दीत घातल्या तेव्हापासून. अठरा वर्षं झाली. तुझ्या बँडवाल्या पप्पांनी, रोझारिओ अंकलनी, कव्हर फाटू नये म्हणून ब्राऊन पेपर चढवला होता आणि रेकॉर्डवरचं लेबल कधीच पुसलं होतं, त्यामुळे वाजवणारा कोण ते तुम्हा भावंडांपैकी कोणालाच माहीत नाही. चाल तेवढी तुला पाठ. पण ती चाल जगातल्या प्रत्येक क्लॅरिनेटवाल्याने वाजवलेली. खूण एकच. मधेच क्लॅरिनेट थांबतो आणि मागून कोणीतरी माणूस खो खो हसतो. अंकल रविवारी चर्चच्या मिस्सावरून आले की ती लावायचे आणि त्या हसण्याबरोबर स्वतः हसायचे, आणि आंटी मासे साफ करता करता ओरडायच्या, की बँडमध्ये हसलास तर लोक पैसे देणार नाहीत. लहानपणी तुला वाटायचं की तो रेकॉर्डमधला माणूस म्हणजे तुझे पप्पाच. हे तू मला इतक्यांदा सांगितलंयस की मलाही तसंच वाटायला लागलं होतं. कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे, वांद्र्याच्या जुन्या घरांमध्ये, कुठे कुठे फिरलो आपण. दरवेळी वेगळाच क्लॅरिनेट निघायचा, आणि कानावर हात ठेवून मी सांगायचे, "हे नाही गं." मग आपण कुठेतरी बसून कटलेट खायचो.

त्या शनिवारी गंधाली फोन घेऊन वर आली. तू गुणगुणलेली चाल तिने फोनला ऐकवली होती आणि मग चार दिवस बसून त्या चालीच्या सत्तावीस रेकॉर्डी ऐकल्या होत्या. "आंटी, ही असेल असं वाटतंय," म्हणाली आणि तिने लावली.

पहिल्या आठ मात्रांत तुझा चेहरा बघून मला कळलं. तू डोळे मिटलेस, आणि मला कळलं की आता तो थांबणार आणि हसू येणार. अठरा वर्षं मी तुझ्याबरोबर वणवण केली आणि हे त्या पोरीच्या फोनमधून येणार होतं. तू तिच्या गळ्यात पडून रडणार होतीस. मला ते बघवलं नसतं.

म्हणून मी बोलले. "जॅकी, गॅसवर दूध ठेवलंयस का गं, वास येतोय." तीस वर्षांत पहिल्यांदा बाजू चालू असताना बोलले, तेही मोठ्याने. तू धावत आत गेलीस. हसू येऊन गेलं. तू परत आलीस आणि माझ्याकडे बघितलंस, आणि मी कानावर हात ठेवून म्हणाले, "हे नाही गं."

तीच होती, जॅकी. शंभर टक्के तीच.

अजून संपलं नाही. गंधालीच्या फोनवर नाव दिसत होतं. ते मी बाथरूममध्ये जाऊन हातावर लिहिलं. निलेशला सांगून ती रेकॉर्ड हॉलंडमधल्या एका म्हाताऱ्याकडून मागवली. डिसेंबरमध्ये तुझ्या साठाव्या वाढदिवसाला देणार होते. काय सांगणार होते तेही ठरवलं होतं: कुर्ल्याला रद्दीच्या ढिगात मिळाली, मला एकटीला. ब्राऊन पेपरसुद्धा चढवून ठेवला होता. एवढी नीच झाले होते मी, आणि खुशीत होते.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड आली आणि चौथ्या दिवशी आंटींना झटका आला. हॉस्पिटलच्या बाकावर तू काय म्हणालीस ते आठवतं? "मम्मीला ते पप्पांचं हसू एकदा ऐकवायचं होतं. आता कळणार पण नाही तिला." मी तुझा हात धरून बसले होते. ऑगस्टमध्ये मी गप्प बसले असते तर त्याच संध्याकाळी आंटींनी मासे साफ करता करता ऐकलं असतं, धडधाकट असताना. तो हात सोडवून घ्यावा असं मला वाटत होतं.

गुरुवारी तुझ्या घरी आले तेव्हा रेकॉर्ड माझ्या पिशवीत होती. येशूची शपथ घालशील तर तीही घेते, द्यायलाच आले होते. दारात बघते तर गंधाली आंटींच्या पायाला तेल चोळतेय, आणि तू म्हणालीस, "बस गं, हिने माझी अर्धी चिंता घेतली." झालं. माझी पिशवी बंदच राहिली. चहा पिऊन परत भांडुपला आले. आंटी अशा पडलेल्या असतानाही माझ्या पोटात दुखलं ते त्या पोरीमुळे, म्हणून आणखी तीन दिवस वाया घालवले.

काल शेवटी तिलाच फोन केला. म्हटलं, आधी हिच्यासमोर कबूल करू, मग तुझ्यासमोर सोपं जाईल. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत आहे, काकू. मी तिथेच बसले होते, मला हसू ऐकू आलं होतं."

बघ, तिथेही तीच पुढे.

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, "दोनदा सांगायला वर गेले. पण जॅकीआंटींचं एकच, शकु नाही म्हणाली म्हणजे नाही. मी काय सांगणार होते, तुमची मैत्रीण खोटं बोलली? तुम्ही सांगाल म्हणून थांबले. या आठवड्यात नसतं सांगितलंत तर मी सांगणार होते." मग म्हणाली, "आणि काकू, रेकॉर्ड संपल्यावर मी आंटींकडेच बघत होते. मी शोधून आणली होती ना, मला वाटलं त्या माझ्याकडे बघतील. त्या तुमच्याकडे बघत होत्या."

फोन ठेवून मी मोरीपाशी जाऊन घासलेलीच भांडी परत घासली. आईने विचारलं, काय झाला गो? म्हटलं, काही नाही.

पत्राबरोबर निलेशच्या हाती रेकॉर्ड पाठवतेय. ब्राऊन पेपर काढून टाकलाय, तो माझ्या खोटेपणाचा होता. दुसरी बाजू, चौथं गाणं. आंटींचा उजवा कान चांगला आहे, त्या बाजूला प्लेअर सरकव. आणि गंधालीला बोलाव. शोधली तिने, ते आंटींच्या कानात सांग, तिच्या नावानिशी. हे लिहितानाही जिवावर येतंय, पण लिहितेय.

माफी मागायला जीभ रेटत नाही. माझ्यामुळे गेलेले तीन महिने मी तुला कुठून आणून देऊ? तू बोलणं टाकलंस तर मी भांडायला येणार नाही. फक्त एक मागणं. पुढे कोणी काही लावलं तर माझ्याकडे बघू नकोस, जॅकी. तुझे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत, आणि मला ते नेहमीच माहीत होतं.

तुझ्यावर जळण्याइतकी तुझी,
शकु