दुसऱ्या पायाला हात लावायच्या आधी

प्रिय द्वारका,

हसशील तू. तिथं मुक्कामाच्या शाळेच्या व्हरांड्यात तुझ्या धाकट्या पूनमच्या डोक्याला तेल लावून राह्यली तू, अन् इथं दहा पावलांवर बाभळीखाली बसून मी तुला पत्र लिहून राह्यली. पान पूनमच्याच वहीतलं. काय करू, तोंडानं बोलायची सोयच राह्यली नाही. आपण सख्ख्या जावा, एका अंगणात राहतो, अन् अकरा महिने झाले तू माझ्याशी बोलत नाही. दोष माझाच आहे. तुझ्या हर्षालीची सोयरीक माझ्या एका शब्दानं मोडली, हे मी कधी नाकारलं नाही.

आज सकाळी इचोड्याहून निघताना झेंडेकरी चंपतनं सवयीनं हाक मारली, मोठ्या काकू, लहान्या काकू, झेंड्यामागं या. सतरा वर्षं आपण दत्तजयंतीला माहूरला पायी जातो, झेंड्यामागं आपलीच जोडी. तू पूनमचा हात धरून पुढं गेली. मी आपली सगळ्यांच्या मागं, सामानाच्या टेम्पोपुढं. टेम्पोवाला दर अर्ध्या तासानं काच खाली करून विचारे, आजी, बसता का? आजी म्हणे मेला! मी म्हटलं, तू तुझं स्टेअरिंग पाहा. बोथ गाव येईपर्यंत चाळीस माणसांत माझं बोलणं झालं ते एवढंच.

वाटेत तुरी शेंगांनी वाकल्या होत्या. तू सोबत असती तर दोन शेंगा तोडून माझ्या ओच्यात टाकल्या असत्या, देवाच्या वाटेवर चोरी करते म्हणून मी ओरडली असती, अन् मग मीच जास्त खाल्ल्या असत्या. आज मी त्यांच्याकडं पाह्यलंही नाही. पुढं सगळे दिगंबराचा गजर करत होते अन् मी मागं नुसती पावलं मोजत होती. फार एकटं वाटलं गं.

हे गेले तेव्हा हर्षाली चार वर्षांची होती. तूच तिची गोधडी माझ्या खोलीत आणून टाकली, म्हणाली, बाई, हिला जवळ घ्या, तुमाला झोप लागेल. तेव्हापासून एकोणीस वर्षं ती माझ्याच खोलीत. मला मूलबाळ नाही हे तुझ्या पोरीनं मला विसरायला लावलं. आता ती मावला गावात मैत्रिणींसोबत खोली करून राहते. मी फोन लावते, पूर्ण वाजून बंद होतो. भाजी घ्यायला गेली की अजून मी तिच्यासाठी चवळीच्या शेंगा घेते, अन् घरी आल्यावर लक्षात येते.

दुपारी त्या आंब्याखाली सगळे एकमेकांच्या पायांचे फोड पाहत होते. अनवाणी डांबरावर दुसरं काय होणार. फोडातून सुईदोरा ओवायचा, दोरा तसाच आत ठेवायचा, म्हणजे पाणी झिरपून जाते. पण टाचेचा फोड आपला आपल्याला दिसत नाही, त्याला दुसरं माणूस लागते. मी पाय पोटाशी धरून बसली होती. कोणाला म्हणू? तेवढ्यात तू आली. माझा पाय ओढून मांडीवर घेतला, हळदीचं तेल लावलं, दोरा ओवला, गाठ मारली. उठताना म्हणाली, दुसऱ्या पायाचा अजून कच्चा आहे, सकाळी पाहते. माय वं, अकरा महिन्यांनी ऐकला तुझा आवाज! मी पदरात तोंड घालून रडली. पूनमला वाटलं, सुई टोचली.

म्हणून हे पान लिहून राह्यली. मुधोळचे पाहुणे आले तेव्हा चुलीपाशी मी मुलाच्या आईला सांगितलं की पोरीला लहानपणी झटके येत. एकदाच आला होता तो, तोही तापात, अन् मी म्हटलं झटके. तुला नंतर सांगितलं, बोलता बोलता तोंडून निघून गेलं. सगळ्यांनी मानलं, म्हातारी आहे, भोळी आहे. नाही गं द्वारका. निघून नव्हतं गेलं. पाहुणे येणार हे कळलं त्याच दिवशी, मेथी निवडता निवडता, मी ठरवलं होतं काय सांगायचं ते. मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं. मला फक्त पोरगी जाऊ द्यायची नव्हती. ती गेली की त्या खोलीत मी कोणाशी बोलू, एवढंच डोक्यात होतं. आज तू भोळ्या बाईचा पाय मांडीवर घेतला, अन् मी तो घेऊ दिला. उद्या पुन्हा घेऊ देणं माझ्यानं होणार नाही. हे पान हर्षालीलाही दाखव. सकाळी पाय धुवून मी इथंच बसीन. तू नाही आली तर तुला बोल लावणार नाही, तशीच चालीन. पण सुई घेऊन येशील, तर हे वाचून ये.

तू म्हणशील तरच तुझी,
वच्छला