मावशीच्या घरचं वायफाय

प्रास्तोदादास,

तू मला हा जुना फोन दिलास, तेव्हाच मी विचारलं होतं, "खोका कुठंय? चार्जर?" तू म्हणालास, "सुराबायाच्या बाजारात घेतलाय गं, तिथे खोका कोण देतं? फुकट मिळतोय तर वापर गुपचूप."

काल पहिल्यांदाच तो घेऊन मलांगला मावशीकडे गेले. टेबलावर ठेवला आणि तिथलं वायफाय त्याला आपोआप लागलं. पासवर्ड मी टाकलाच नव्हता. कुणीतरी फोटो पुसले, मागचं झाकण बदललं, एवढं मात्र पुसायचं राहिलं.

ईदला मावशीच्या रिंताचा फोन याच घरातून चोरीला गेला. कामवाली पारती शपथा घेत होती आणि तू भात वाढून घेत म्हणालास, "या सगळ्या सारख्याच." मावशीने तिला त्याच दिवशी काढलं.

तू खरंच बाजारातून घेतलाही असशील. पण हे पत्र पाठवलं तर तू उत्तर तयार करून येशील, म्हणून पाठवत नाही. शुक्रवारी मावशीकडे जेवायला ये, एवढाच निरोप देईन. पारतीलाही बोलावलंय.

चार्जर शोधत बसू नकोस. रिंताचा अजून तिथेच भिंतीला लटकतोय.

तुझी वाट पाहणारी,
तुत्ती