कोच सात, एक्केचाळीस

४ नोव्हेंबर, सकाळी
रोशनीनं कोरी वही आणून देली. म्हणे, आजी, दिवसभर बोलत राह्यतेस त्यापेक्षा लिवून ठेव. चौथी शिकल्या बाईले वही देणारी नात साऱ्या सेक्टर २ मधे दुसरी नाही, हे मी पहिल्याच पानावर लिवून ठेवते.
आता कारण. दुर्गच्या तिच्या कॉलेजात कबड्डीच्या टीमले पन्नास वर्षं झाली. भिंतीवर जुन्या लोकायचे फोटो लागणार हायेत. पण टीमचा पहिला कोच कोण, हे त्यायच्या कागदात सापडून नाही राह्यलं. रोशनीले तेच प्रोजेक्ट भेटलं, शोधून काढा. शोधाचं काय त्यात? कोच आमच्या हॉलमधे टीव्हीच्या वर हार घालून बसले हायेत.
यायचं नाव घ्याची मले सवय नाही. वहीत कोचसाहेब लिवीन.
ठरवलं: रोज एक पान. प्रोग्राम १४ डिसेंबरले आहे. यायचा फोटो भिंतीवर लागलाच पाह्यजे.

५ नोव्हेंबर
नाही जमलं. मटर सोलाचे होते.

९ नोव्हेंबर, दुपारी
आज सगळं लिवते.
कोचसाहेब दुर्ग स्टेशनवर पॉइंट्समन होते. ड्यूटी सुटली का सरळ कॉलेजच्या ग्राऊंडवर. घरी चहा थंडा. ७४ साली टीम भोपालले खेळाले गेली. माहे दिवस भरले होते. मी म्हणलं, या वेळी नका जाऊ. तं म्हणे, कांता, मी कोच आहो, कोचच नाही गेला तं पोरं कोणाच्या तोंडाकडे पाहतीन? बरोबरच आहे. जबाबदारीचं काम.
तिसऱ्या दिवशी शेजारच्या तुळसाबाईनं मले रिक्षात टाकून दवाखान्यात नेलं. राजकुमार झाला. तुळसाबाईच्या लुगड्याचा पदर मी दातानं फाडला म्हणे, तिनं पुढं दहा वर्षं सांगतलं सगळ्यायले. कोचसाहेब आठव्या दिवशी आले, डोळे लाल. म्हणे, टीमच्या काळजीनं चार राती डोळ्याले डोळा लागला नाही. मले एवढं वाईट वाटलं! बाळंतीण मी, अन् पाय मीच दाबले त्यायचे.
राजकुमारले लहानपणापासून सांगत आली, बाबू, तुहे बाबा त्या दिवशी नव्हते कारण का ते कोच होते. तो ऐकते अन् टीव्हीचा आवाज वाढवते.

१० नोव्हेंबर
काल चार दिवसाचं लिवलं. आज सुट्टी.

१२ नोव्हेंबर
पुरावा सापडला! सापडला काय, होताच. बिस्किटाच्या डब्यात, बटनायच्या खाली. भोपालहून आल्यावर सदरा धुताना खिशातून निघालेली चिठ्ठी. वरचा भाग फाटला आहे. अक्षर यायचं नाही, म्हणजे सरकारीच. आधी यायचं नाव, मंग कोच ७, मंग ४१.
खूप विचार केला. सात वर्षं कोच होते अन् एक्केचाळीस मॅच जिंकल्या. दुसरा अर्थ निघतच नाही.
रोशनीले आत्ता दाखवाची नाही. प्रोग्रामच्या दिवशी पदरातून काढीन.

१५ नोव्हेंबर
एक अडचण. टीमच ७४ ले सुरू झाली. मंग तेव्हा सात वर्षं कुठून?
आधीपासून तयारी करत असतीन. असे होतेच ते.

१८ नोव्हेंबर, संध्याकाळी
कॉलेजच्या मॅडमनं फोटो मागतला. मी तो झाडाखाली उभे असलेला देला. रोशनी म्हणे, आजी, ये तो पिकनिक का फोटो है. मी म्हणलं, घरात मराठीत बोल. म्हणे, मराठीत बी पिकनिकच आहे.
शिट्टी नाही गळ्यात, एवढंच. धुवाले टाकली असन.

२२ नोव्हेंबर
बोरसीले केवलराम राह्यते, त्या टीममधला जुना खेळाडू. उद्या जाईनच.

२३ नोव्हेंबर
गुडघा.

२७ नोव्हेंबर
गेली! रोशनीच्या स्कूटीवर बसून. रस्त्यानं ओळखीच्या तीन बाया भेटल्या, तिघीयले सांगतलं कुठं जाऊन राह्यलो ते.
केवलरामचे दात गेले, पण हसू तसंच. यायचं नाव रोशनीनं घेतलं, तं टाळीच वाजवली त्यानं. अरे वो पॉइंट्समन! कितना चिल्लाते थे भौजी, लाइन के बाहर खड़े होकर! मी रोशनीकडे पाह्यलं. बाहेर उभं राहून चिल्लावणारा कोण असते? कोचच.
रोशनीनं मंग सरळच विचारलं, कोच कौन थे? तं म्हणे, नागसेन सर, पीटीवाले. वय झालं, माणूस विसरते. भाजीत मीठ टाकलं का नाही हे मी बी विसरते.
त्यानं संदुकीतून भोपालच्या वेळची लिस्ट काढली. चौदा नावं. अन् काय सांगू, प्रत्येक नावापुढं कोच ७! केवलराम बी कोच ७. पुढं नंबर, नागसेन सरचा २८, केवलरामचा ३६. सगळ्यात खाली, वेगळ्या शाईनं, आमचे: कोच ७, ४१. म्हणजे यायनं आख्खी टीमच कोच बनवून सोडली होती, अन् तरी सगळ्यायहून जास्त मॅच यायच्याच.
केवलराम यायच्या रेल्वे पासाचं काही सांगाले लागला होता. मी म्हणलं, आधी चहा पिऊ.
चहा झाल्यावर मी त्याच्या सुनेसंग मुनग्याच्या शेंगायचं झाड पाहाले गेली. तो अन् रोशनी बोलत बसले. येताना पोरगी घराचं वळणच चुकली. छाती भरून आली असन.

२ डिसेंबर
जांभळी साडी. नाही तं हिरवी. भाषण पाठ करून राह्यली. पहिलं वाक्य झालं: जय भीम, मी कोचसाहेबायची मिसेस. दुसरं उद्या.

५ डिसेंबर
दुसरं नाही सुचलं. रोशनी दोन डाव जवळ येऊन बसली. काही सांगाचं आहे वाटते. चहा पिऊन उठून जाते.

८ डिसेंबर, सकाळी
सांगतलं तिनं.
कॉलेजात नागसेन सरचं नाव गेलं. मी भडकली. म्हणलं, तू आपल्याच आजोबाचं नाव खोडून आली? पुरावा आहे माह्यापाशी! डब्बा आणला, बटनं जमिनीवर सांडली, चिठ्ठी तिच्या हातात देली.
तिनं वाचली अन् खालीच बसली. बटनं वेचत वेचत बोलली. आजी, कोच म्हणजे गाडीचा डब्बा. सात नंबरचा डब्बा. एक्केचाळीस ही बर्थ आहे.
मी म्हणलं, जिंदगी रेल्वेत गेली आमची, आमी डब्बाच म्हणलं. डब्ब्याले कोच कोण म्हणते?
म्हणे, कागदावर म्हणतेत, आजी.
मंग केवलरामचं सांगतलं. टीमनं यायले नेलंच नव्हतं. रेल्वेचा फुकट पास होता, तं हेच म्हणे, मी बी येतो, भोपालचा तलाव पाह्यला नाही. नागसेन सर म्हणे, शामराव, घरी बायकोचे दिवस भरले ना? तं हे म्हणे, तिचं ती पाहून घेईन.
राजकुमार दारात उभा होता. टीव्ही बंद होता.

९ डिसेंबर
काही नाही.

१० डिसेंबर
साडी परत पेटीत ठेवली.

१४ डिसेंबर, दुपारी
आज प्रोग्राम. रोशनी गेली, मी म्हणलंच जा. नागसेन सरचा फोटो लागला, तिनं फोनवर दाखवला. गळ्यात शिट्टी आहे.
आमचा फोटो टीव्हीवरच आहे. काढाले स्टूल लागते, अन् गुडघा.
राजकुमार जेवण झाल्यावर बाजूले येऊन बसला. पन्नास वर्षांचा बाप्या, इकडंतिकडं पाहून विचारते, आई, रिक्षात तुह्यासंग अजून कोण होतं? मी म्हणलं, कोणी नाही, तुळसाबाई अन् मी. तं म्हणे, सांग. मी पदर फाडल्यापासून सगळं सांगतलं. शेवटपर्यंत ऐकलं त्यानं. म्हणे, थंडी होती का? होती, म्हणलं. डिसेंबरच होता.
रोशनी परत आली तं तिले एकच विचारलं. एक्केचाळीस नंबर कुठं राह्यते? तिनं फोनमधे पाह्यलं. मंग म्हणे, तवाचं माहीत नाही, आजी. आताच्या गाडीत लोअर आहे. खालची.
खालची. शामराव पाय लांब करून झोपत भोपालले गेले.
अन् आल्यावर ते पाय मी दाबले.